गोठ्याच्या भिंतीवरचा चंद्र

कुठलीही गोष्ट मोठी आहे किंवा लहान आहे, असं मापमास्तरांसमोर म्हणायची सोय नव्हती. मधल्या सुट्टीत कुणी सहज म्हणालं, "आज डबा मोठा दिसतोय," तरी ते हातातला घास तसाच धरून विचारत, "कशाच्या मानाने?" आणि उत्तर मिळेपर्यंत घास तोंडात जात नसे. आमच्या हेडमास्तरांना नातू झाला तेव्हा पेढे वाटताना ते कौतुकानं बोलून गेले की बाळ चांगलं मोठं आहे. मास्तर पेढा हातात घेऊन उभे होते. शेवटी हेडमास्तरांनीच हार मानली आणि म्हणाले, "माझा मुलगा जन्मला तेव्हा होता, त्याच्या मानाने." मग मास्तरांनी पेढा खाल्ला आणि मनापासून अभिनंदन केलं.

मापमास्तर हे नाव मुलांनी पाडलेलं. कोटाच्या डाव्या खिशात शिंप्याची टेप आणि उजव्या खिशात तुरीचे दाणे, हा त्यांचा कायमचा सरंजाम. टेपेचं कारण कळत असे, तुरीचं कळायला मला सहा महिने लागले.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. शाळा कळव्याची. कळवा म्हणजे तेव्हा भातशेती, मिठागरं आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली थोडी घरं. आम्ही बहुतेक शिक्षक ठाण्याहून खाडीचा पूल ओलांडून चालत यायचो. मास्तरही यायचे, पण पुलावर त्यांच्याशी बोलायचं नाही असा नियम होता, कारण ते पावलं मोजत असत. त्यांनी आपलं पाऊल अडीच फुटांचं करून ठेवलं होतं, ना कमी ना जास्त. पूल संपला की ते आकडा सांगत आणि मग हवापाण्याच्या गोष्टी सुरू होत. एकदा आकडा नेहमीपेक्षा चारनं जास्त भरला. दुपारपर्यंत त्यांचं कशात लक्ष नव्हतं. पूल वाढणं शक्य नाही, म्हणजे आपण घटलो, या काळजीत त्यांनी डबाही उघडला नाही. शेवटी नवी वहाण अंगठ्याला चावत होती असं निष्पन्न झालं.

माझी त्यांची पहिली भेट म्हणजे चौकशीच होती. भूगोलाच्या वर्गासाठी मी मोठ्या हौसेनं एक तक्ता रंगवला होता. निळीशार पृथ्वी आणि तिच्या खांद्याशी तिच्या निम्म्यानं असलेला चंद्र. चंद्रात ससाही काढला होता. मास्तर त्यासमोर स्टुलावर बसून राहिले, सुट्टी संपेपर्यंत. मग मला बोलावून त्यांनी विचारलं, "अहो ड्रॉइंग, हा चंद्र कुणाचा?"

मी म्हटलं, "आपलाच."

"आपला एवढा नाही," ते म्हणाले. "आणि एवढा जवळ तर अजिबात नाही. हा असा खांद्याशी आला तर भरतीनं कळवा खाडीत जाईल."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ड्रॉइंग झालो तो कायमचा. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

पृथ्वी आणि चंद्र हा धडा पुस्तकात दीड पानाचा होता. मास्तर तो दिवाळीपर्यंत शिकवत. "चंद्र तीन, पृथ्वी अकरा, मधे तीस पृथ्व्या," हे त्यांचं सूत्र मुलं पाढ्यासारखं म्हणत. म्हणजे चंद्राची रुंदी तीन धरली तर पृथ्वीची अकरा, आणि दोघांमधलं अंतर तीस पृथ्व्या शेजारी शेजारी ठेवल्या तर भरेल तेवढं. पण पाठ म्हटलेलं मास्तरांना पुरत नसे. ते ठाण्याच्या बाजारात टेप घेऊन फिरत आणि साडेपाच इंची पपनस आणि दीड इंची लिंबू शोधत. फळवाल्यांना वाटे यांनी काही नवस केला आहे, म्हणून ते बिचारे टोपल्या उपसून देत. मग वर्गात पपनस फळ्याशी आणि लिंबू पार मागच्या दाराशी असा संसार मांडला जाई. धडा संपला की पृथ्वी सोलून सगळ्यांना एकेक फोड मिळे. चंद्राचं सरबत होई, पण ते चाळीस जणांत काय पुरणार.

सगळ्यात मजा आकारमानाची. पृथ्वीच्या पोटात किती चंद्र मावतील, असं विचारलं की मुलं चार म्हणत. मी शिक्षक असून मनात चारच म्हटलं होतं. मग मास्तर घरून मळलेल्या कणकेचा मोठा गोळा आणत. मुलांना बसवून त्याचे पन्नास सारखे गोळे करून घेत, एक बाजूला ठेवून बाकीचे एकोणपन्नास पुन्हा एकत्र मळून गोल करत आणि मग दोन्ही शेजारी ठेवत. एवढीशी गोळी आणि तो गोळा. मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे येत. संध्याकाळी त्या पृथ्वीच्या पुऱ्या होत आणि दुसऱ्या दिवशी आम्हा शिक्षकांना मिळत. मास्तरांच्या पत्नी एकदा शाळेत आल्या होत्या, तेव्हा मी पुऱ्यांची तारीफ केली. त्या शांतपणे म्हणाल्या, "दरवर्षी पृथ्वी मलाच मळावी लागते. यांचं नाव होतं."

नाव मुलांत होत होतं, खात्यात नव्हतं. दिवाळीपर्यंत दीड पान शिकवणाऱ्या माणसाचा अभ्यासक्रम कधी पुरा होणार? सात वर्षं झाली तरी मास्तर कायम झाले नव्हते. दर जूनला त्यांची नेमणूक नव्यानं होई आणि दर एप्रिलमध्ये ती होईल की नाही याची धाकधूक. वय पन्नाशीला आलेलं. त्या वर्षी हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं. तपासणीला नवे दिपोटी साहेब येणार आहेत, ते कडक आहेत, या वेळी शेरा वाईट पडला तर जूनमध्ये माझ्या हातात काही उरणार नाही. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. पोटाच्या तक्रारीमुळे दिवसभर सोडा पीत असे आणि कुणाला वाईट बातमी द्यायची असली तर दोन बाटल्या पीत असे. त्या दिवशी तीन झाल्या होत्या.

हेडमास्तरांची युक्ती अशी होती की शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर पृथ्वी आणि चंद्र रंगवायचे, साहेबांना तिथे न्यायचं, मास्तरांनी ठरलेली चार वाक्यं म्हणायची आणि मग चहा. रंगवायचं माझ्याकडे आलं. रस्त्यावरून दिसायला हवी म्हणून पृथ्वी दोन फुटी असावी असं हेडमास्तरांनी सुचवलं. मास्तरांनी लगेच हिशेब सांगितला. पृथ्वी दोन फूट, तर चंद्र साडेसहा इंच आणि अंतर साठ फूट.

भिंत पस्तीस फुटांची होती.

"मग जरा अलीकडे काढा की," हेडमास्तर म्हणाले. मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हेडमास्तरांनी स्वतःच तो विषय बदलला.

शाळेच्या भिंतीपुढे एक बोळ आणि बोळाच्या पलीकडे, अगदी त्याच रेषेत, हिराबायचा गोठा. हिराबाय म्हणजे गावातली जुनी आगरी म्हातारी. शाळेची जागा तिच्या नवऱ्यानं दिलेली, त्यामुळे शाळा आपलीच आहे असं ती धरून चाले आणि घंटा वेळेवर झाली नाही तर दारात येऊन विचारे. गोठ्याची रस्त्याकडची भिंत ही तिची गोवऱ्या थापायची जागा. मास्तर टेप घेऊन गेले आणि त्या भिंतीवर एक खूण करून आले. चंद्र तिथेच पडत होता.

परवानगी मागायला मी बरोबर होतो. हिराबायनं सगळं ऐकून घेतलं. चांदोबाला जागा द्यायला तिची ना नव्हती, उलट तिला फार मान वाटला. दर संकष्टीला ती चंद्र बघितल्याशिवाय जेवत नसे. मास्तरांनी एवढंच मागितलं की चंद्राभोवती हातभर जागा मोकळी सोडावी. हिराबाय म्हणाली, हातभर कशाला, सगळी भिंत देते. तिनं दोन दिवसांत वाळलेल्या गोवऱ्या उतरवल्या, भिंत शेणानं सारवून काढली आणि ओल्या गोवऱ्या मागच्या अंगणात, जिथे दुपारनंतर ऊनसुद्धा येत नाही, तिथे हलवल्या.

मी त्या भल्यामोठ्या सारवलेल्या भिंतीच्या मध्यावर बशीएवढा चंद्र रंगवला. हिराबाय मागे उभी होती. तिनं भिंत पाहिली, बशी पाहिली, काही बोलली नाही. ती बोलली नाही हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी हेडमास्तरांनी मास्तरांना सकाळपासून खोलीत कोंडून चार वाक्यांची तालीम घेतली. पहिल्या वाक्यात 'पृथ्वी मोठी आहे' असं होतं, तिथेच गाडी अडत होती. मी वर्ग सजवत होतो. गोठा पलीकडच्या बाजूला असल्यानं सकाळपासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. साहेब टांग्यानं आले. उंच, किडकिडीत, काळी टोपी घातलेले. बोलणं कमी. प्रत्येक गोष्टीला "दाखवा" म्हणायचे. रजिस्टर दाखवा, पिण्याचं पाणी दाखवा, असं करत ते सातवीवर आले. मास्तरांच्या दप्तरात वर्षाअखेरीला सहा धडे झालेले होते. साहेबांनी पुस्तकात वीस मोजले होते. त्यांनी दप्तर मिटलं आणि हेडमास्तरांकडे नुसतं बघितलं. हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले की बाहेर एक उपक्रम केला आहे, साहेबांनी तो पाहावा. सगळा वर्ग, साहेब, हेडमास्तर, मास्तर आणि मी असे रस्त्यावर आलो.

डाव्या हाताला माझी दोन फुटी निळी पृथ्वी होती. आणि उजवीकडे, गोठ्याच्या भिंतीवर, बैलगाडीच्या चाकाएवढा पांढराशुभ्र चंद्र.

हिराबाय शेजारी उभी होती. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ आणि कोपरापर्यंत चुना. तिनं साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाली, "साहेब, बारका व्हता, दिसत नवता. येवरी भित मोकली ठेवली नी मदी बशी? त्याला बगून मी उपास सोरते. मंग आज पाटं उटून मीनीच मोटा केला."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. साहेब एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले आणि मग त्यांनी अगदी थंड आवाजात विचारलं, "गुरुजी, यांतली पृथ्वी कुठली?"

मुलं हसली नाहीत. त्यांना सगळं कळत होतं. मलाही कळत होतं की आता मास्तरांनी एक वाक्य बोलायचं आहे. आम्ही बरोबर काढलं होतं, या बाईंनी बिघडवलं. वाक्य खरं होतं आणि त्यावर त्यांची नोकरी होती. मास्तर खोटं बोलणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं आणि म्हातारी तिथेच नथ घालून उभी होती. हेडमास्तरांनी तर तोंड उघडलंच, "साहेब, त्याचं असं झालं, या बाई..."

मास्तरांनी त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना थांबवलं. खिशातून टेप काढली आणि ते गोठ्याशी गेले. उभा चंद्र मोजला, आडवा मोजला, तिरपा मोजला. मग हिराबायला विचारलं, "गोल कसा काढलात?"

"मेख ठोकली नी दावा बांदला गायचा. फिरवला," ती म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. जमिनीवर बसून काटकीनं आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. मग ते उठून साहेबांसमोर आले.

"साहेब, चंद्र बरोबर आहे. चार फूट, सगळीकडून. पृथ्वी चुकली आहे. ती ड्रॉइंगनी काढली आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मला इतकं अपराधी आणि इतकं हलकं एकाच वेळी कधी वाटलं नाही.

"मग बरोबर पृथ्वी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"चौदा फूट आठ इंच. ती भिंतीवर मावत नाही. ती त्या तिथे आहे," असं म्हणून मास्तरांनी समोर, रस्त्यापलीकडच्या कापणी झालेल्या शेतांकडे बोट दाखवलं.

"दाखवा," साहेब सवयीनं म्हणून गेले आणि मग त्यांना माघार घेता येईना.

मास्तर गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि सरळ चालायला लागले. एक, दोन, तीन. मागे चाळीस मुलं, त्यांच्या मागे साहेब. भाताचे खुंट साहेबांच्या बुटांत टोचत होते. धोतर सावरत हेडमास्तर चालले होते आणि दर बांधावर थांबून मला विचारत होते, "अजून किती हो?" मी काय सांगणार? पुढचा माणूस मोजत होता, त्याच्याशी बोलायचं नव्हतं. एकशे शहात्तर पावलं झाल्यावर मास्तर थांबले. चारशे चाळीस फूट. त्यांनी पावलांनीच गोल आखला, बारा मुलांना हात धरून कडेनं उभं केलं, आणि बाकीच्यांना आत.

"ही पृथ्वी," ते म्हणाले. "साहेब, आत या. बाहेर उभं राहायला जागा नाही, बाहेर आकाश आहे."

साहेब दोन मुलांच्या हातांखालून वाकून पृथ्वीवर आले. मास्तरांनी उजव्या खिशातून तुरीचे दाणे काढले आणि प्रत्येकाला एकेक दिला, साहेबांनाही. हे मुलांना नवीन नव्हतं. पौर्णिमेच्या आसपास मास्तरांचा गृहपाठ तोच असे. तुरीचा दाणा चिमटीत धरायचा, हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि आकाशातल्या चंद्रासमोर आणायचा. चंद्र बरोब्बर झाकला जातो. एवढा मोठा वाटणारा चंद्र तुरीमागे जातो, हे प्रत्येकानं स्वतः पाहायचं.

आता मास्तर म्हणाले, "हिराबायच्या चंद्राकडे बघा."

आम्ही सगळे वळलो. लांब, शेतांच्या पलीकडे, सारवलेल्या भिंतीवर तो पांढरा ठिपका दिसत होता. अगदी आकाशात दिसतो तेवढा. मी हात लांब केला, एक डोळा मिटला आणि चंद्र दाण्यामागे गेला. अकराला तीन, मधे तीस पृथ्व्या, हे मी वर्षभर ऐकत होतो. ते खरं आहे हे मला त्या खुंटांत उभं राहून कळलं.

साहेबांनी दाणा धरला, काढला, पुन्हा धरला. डोळा बदलून पाहिला. चाळीस मुलं एक डोळा मिटून गोठ्याकडे बघत उभी आणि मधे दिपोटी साहेब तसेच. बांधावरून जाणारा एक गडी थांबून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला.

शेवटी साहेबांनी हात खाली घेतला आणि मुलांना विचारलं, "काय रे, मग चंद्र मोठा की लहान?"

अख्खी पृथ्वी एका सुरात म्हणाली, "कशाच्या मानाने?"

साहेबांनी तुरीचा दाणा टाकला नाही. खिशात ठेवला.

शेरा यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत हेडमास्तरांच्या सोड्याची गणती कुणी ठेवली नाही. मास्तर पुलावरून मोजत येत होते, पण दोनदा मधेच आकडा चुकले. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं आणि ते मला बरं वाटलं नाही. मग एका सकाळी लखोटा आला. हेडमास्तरांनी तो आमच्यासमोर वाचला, मग खाली ठेवला, मग पुन्हा उचलून वाचला. भूगोलासमोर दोनच वाक्यं होती. 'अभ्यासक्रमाचा एक तृतीयांश भागही पुरा झालेला नाही. शिक्षकास कायम करावे.'

त्या संध्याकाळी मास्तर आणि मी बरोबरच निघालो. ते गोठ्यापाशी थांबले. हिराबाय भिंतीवर पुन्हा गोवऱ्या थापत होती, चंद्राभोवती हातभर जागा सोडून. मास्तरांनी तिला सांगितलं की तुमच्या चंद्रामुळे माझी नोकरी पक्की झाली. तिनं मान हलवली, जसं हे तिला आधीच ठाऊक होतं, आणि म्हणाली, "चांद बरोबर व्हता, तर मंग धरती बारकी कशाला काडली व्हती?" मास्तरांनी पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढे चालताना मी त्यांना विचारलंच. शेतातून चंद्र बरोब्बर दिसेल, हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं का?

"गणितानं दिसायला हवा होता," ते म्हणाले. "पण मधे पाणी आलं असतं, झाड आडवं आलं असतं. साहेब रस्ता ओलांडून आलेच नसते. काही सांगता येत नव्हतं."

"मग सरळ सांगून टाकायचं, की बाईंनी बिघडवलं. सात वर्षांची नोकरी होती तुमची."

"अहो ड्रॉइंग, म्हातारी पहाटे उठून तो चंद्र काढत होती," मास्तर म्हणाले. "चाळीस पोरांसमोर तिला काय वाटलं असतं? त्यापुढे माझी नोकरी म्हणजे लहान गोष्ट."

मी थांबलो आणि म्हटलं, "कशाच्या मानाने?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मागे वळून गोठ्याकडे बघितलं, जिथे ती चुन्याच्या कडेशी जपून शेवटची गोवरी थापत होती. पुढे चालत ते पुलावर चढले, आणि त्या दिवशी त्यांनी पावलं मोजली नाहीत.